ज्याच्या घरी नंदी नाही, त्याचाही तान्हा पोळा

ऑक्टोबर संपत आला की मोठ्या शहरांतल्या काही इंग्रजी शाळांमध्ये भोपळे कोरले जातात आणि मुले भुताखेतांची सोंगे घेऊन हॅलोविन साजरा करतात. वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगावच्या लेकराला याचे फार अप्रूप वाटणार नाही. नटायचे, आपले काहीतरी सोबत घेऊन दारोदार जायचे आणि प्रत्येक दारी खाऊ किंवा पैसा मिळवायचा, हा खेळ आपल्या विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आपण त्याला तान्हा पोळा म्हणतो आणि दारी मिळणाऱ्या खाऊ-पैशाला बोजारा.

अनेक प्राथमिक शाळाही आता हा सण साजरा करतात. देवळी तालुक्यातल्या, पुलगावला लागून असलेल्या नाचणगावसारख्या गावात शेतकऱ्याचे, शेतमजुराचे, दुकानदाराचे आणि नोकरदाराचे मूल एकाच वर्गात बसते. अशा वर्गात कोणालाही इजा होऊ नये आणि कोणीही कोपऱ्यात उभे राहू नये, असा तान्हा पोळा कसा करायचा, ते इथे क्रमाने मांडले आहे.

सण नेमका काय आहे

श्रावण अमावास्येला पोळा. त्या दिवशी खऱ्या बैलांचा मान असतो. त्यांना धुतात, शिंगे रंगवतात, झुली घालतात आणि तोरणाखाली उभे करतात. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुलांचा पोळा. चाके लावलेला लाकडी नंदी सजवून मुले तो दोरीने ओढत घरोघर नेतात. नागपुरात १८०६ साली दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी ही प्रथा सुरू केली असे सांगितले जाते. आपल्याच जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा मोठमोठ्या नंद्यांसाठी ओळखला जातो.

इथेच पहिली अडचण येते. नंदी जितका मोठा, तितके कौतुक मोठे. सागवानी, पितळी शेंब्या लावलेला, आजोबांच्या काळापासून घरात असलेला नंदी एका मुलाकडे असतो. दुसऱ्याच्या घरी बैल कधी नव्हताच, कारण शेतच नव्हते. तिसऱ्याच्या वडिलांनी गेल्या वर्षी बैलजोडी विकली. शाळेने नुसते ‘उद्या नंदी घेऊन या’ म्हटले, तर दुसऱ्या दिवशी ही तीन मुले एका रांगेत उभी राहतात आणि कोणाकडे काय आहे ते सगळ्या गावाला दिसते. म्हणून शाळेने नंदी मागू नये, बनवून घ्यावा. सुरक्षिततेचे निम्मे प्रश्नही याच एका निर्णयाने सुटतात, ते पुढे दिसेलच.

तीन आठवडे आधी: समितीची बैठक

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीतल्या निम्म्या जागा महिलांच्या असतात. तान्हा पोळ्याची चर्चा तिथेच व्हावी. बैठकीत चार गोष्टी ठरवून लिहून ठेवाव्यात: तारीख, मिरवणुकीचा रस्ता, बोजाऱ्यात काय द्यायचे, आणि कोणत्या मुलाला कशाची ॲलर्जी, दमा, फिट किंवा आवाजाची भीती आहे. ही शेवटची यादी वर्गशिक्षकांनी पालकांशी बोलून तयार करावी आणि ती सगळ्यांसमोर वाचू नये.

तारीख ठरवताना एक पथ्य पाळावे. प्रतिपदेला, म्हणजे आपण जिला ‘कर’ म्हणतो त्या दिवशी, अनेक ठिकाणी स्थानिक सुट्टी असते. त्या दिवशी घराघरांत पाहुणे असतात, काही ठिकाणी दारूही चालते आणि संध्याकाळी रस्त्यावर बेफाम गाड्या असतात. म्हणून शाळेचा कार्यक्रम पोळ्याच्या दोन दिवस आधी, सकाळच्या वेळी घ्यावा. याचा फायदा मोठा आहे. शाळेत बनवलेला बैल मूल घरी नेते आणि ज्याच्या घरी नंदी नव्हता, त्याच्याकडेही करीच्या दिवशी ओढायला, मिरवायला स्वतःचा बैल असतो.

दोन आठवडे आधी: मातीचा बैल

वर्धा जिल्ह्याला हाताने शिकण्याची परंपरा आहे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी मांडलेली नई तालीम, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण, इथूनच देशापुढे गेली. मातीचा बैल बनवणे हा त्याच वाटेवरचा धडा आहे.

आपल्याकडची काळी कपाशीची माती सुकताना आकसते आणि तडकते. नुसत्या तिचा बैल केला तर तिसऱ्या दिवशी पाय गळून पडतो आणि मूल रडते. कुंभाराकडची माती मिळाली तर उत्तम. नसेल तर काळ्या मातीत चाळलेली बारीक रेती आणि थोडा कापूस पिंजून मिसळावा. कापसाचे तंतू मातीला धरून ठेवतात. माती कणकेसारखी मळून घ्यावी.

आधी मुलाच्या मुठीएवढा लांबट गोळा करावा, ते धड. पाय वेगळे चिकटवू नयेत. त्याच गोळ्यातून चार जाड, आखूड पाय ओढून काढावेत. मग पाठीवर चिमूट धरून वशिंड उचलावे आणि गळ्याखाली अंगठ्याने दाबून लोंबती पोळी काढावी. शिंगे बोथट ठेवावीत. ओढायचा असेल तर पुठ्ठ्याच्या जाड पाटीवर बैल बसवून तिच्याखाली बाटल्यांच्या झाकणांची चाके लावता येतात. खिळ्यांचे काम शिक्षकांनी करावे. पावसाळी हवेत बैल सावकाश सुकतो, म्हणून आठवडाभर सावलीत ठेवावा.

हे हात चालू असताना सांगायची गोष्ट तयारच आहे. आपल्या भागातली गवळाऊ ही गाय-बैलांची जात पांढऱ्या-करड्या रंगाची, अंगाने हलकी आणि चालायला चपळ. मराठ्यांच्या काळात सामानाच्या वाहतुकीसाठी तिला मान होता. जिल्ह्यात कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीला या जातीसाठी पैदास केंद्र आहे. आपण जो बैल घडवतोय त्याला नाव, गाव आणि इतिहास आहे, हे मुलाला कळले की त्याचे हात आणखी जपून चालतात.

रंग आणि सजावट: काय टाळावे

रंगासाठी गेरू, हळद, कोळशाची पूड आणि ओला खडू पुरेसे आहेत. चुना मुलांच्या हाती देऊ नये. तंबाखूसोबत मिळणारी चुन्याची पुडी दाबताना फुटून मुलांच्या डोळ्यांत गेल्याने कायमची इजा झाल्याची उदाहरणे डोळ्यांचे डॉक्टर नेहमी सांगतात. चुना अल्कली असल्याने डोळ्यात खोलवर मुरतो. चुकून गेलाच तर पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि लगेच दवाखाना गाठावा. घरगुती औषध घालू नये.

घरचा जुना लाकडी नंदी कोणी आणलाच, तर त्याचा रंग पाहावा. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त असू नये हा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचे पापुद्रे निघत असतील तर तो नंदी लहानांच्या हाती न देता टेबलावर मानाने ठेवावा. त्याला पाहण्याचा आनंद सगळ्यांचा आणि धोका कोणालाच नाही. सजावटीसाठी थर्मोकोल वापरू नये. त्यावर जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. बेगड, रंगीत कागद, लोकरीचे गोंडे, आंब्याची पाने यांनी तोरण अधिक देखणे दिसते.

दोरीचेही एक शास्त्र आहे. ती मुलाच्या कमरेपासून चाकापर्यंत पोचेल एवढीच असावी. मनगटाला गुंडाळू नये, गळ्यात तर कधीच घालू नये. लांब दोरीत मागच्याचा पाय अडकतो आणि एक पडला की रांग पडते.

वेशभूषा: कोणते सोंग घ्यावे, कोणते नाही

तान्ह्या पोळ्याला वेशभूषा स्पर्धाही असते. इथे हॅलोविनच्या देशांत शिकलेले दोन नियम आपल्याही कामाचे आहेत. मुखवटा घालू नये, कारण त्याने डोळ्यांसमोरचे कमी दिसते आणि मूल ठेचाळते. आणि कपडा पायात येईल इतका लांब असू नये. नायलॉन-पॉलिस्टरचा झगा दिव्याजवळ गेला तर वितळून कातडीला चिकटतो. म्हणून अंगाबरोबरचा सुती कपडा बरा, आणि मिरवणुकीत पेटता दिवा, फटाका, अगरबत्ती काहीच नको. तोंडाला ऑइल पेंट किंवा चांदीचा रंग फासू नये. जो रंग लावायचा तो आदल्या दिवशी कोपराच्या आत थोडा लावून पाहावा.

आता सर्वांत जपायची गोष्ट. वर्धा हा विदर्भातल्या त्या सहा जिल्ह्यांपैकी एक, ज्यांच्यासाठी २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात विशेष पॅकेज जाहीर केले होते. पोळ्याच्या कार्यक्रमांत एखाद्या मुलाच्या गळ्यात दोरीचा फास घालून त्याला ‘आत्महत्याग्रस्त शेतकरी’ म्हणून उभे केले जाते. हेतू कळवळ्याचा असतो, टाळ्याही पडतात. पण समोर बसलेल्या मुलांपैकी एखाद्याने हे घरात पाहिलेले असते. त्याच्या नजरेतून त्या फासाकडे एकदा पाहावे. शिवाय खेळातल्या फासानेही मुलाचा गळा आवळला जाऊ शकतो. हे सोंग शाळेत कधीही नको. शेतकऱ्याचे दुःख सांगायचेच असेल तर मुलाला डोक्याला फेटा बांधून हातात मूठभर बियाणे द्यावे आणि पेरणीबद्दल दोन वाक्ये बोलायला सांगावीत.

त्याचप्रमाणे कोणत्याही जातीची, धंद्याची, आजाराची किंवा अपंगत्वाची नक्कल करणारे सोंग नको. नंदीबैल घेऊन फिरणाऱ्या कुटुंबातले मूल आपल्या वर्गात असू शकते. त्याच्या बापाचे काम म्हणजे दुसऱ्याची गंमत नव्हे.

पूजेचा प्रश्न

बैल शेतकऱ्याचा, नंदी महादेवाचा. घरी पूजा होते, तिथे ती शोभते. शाळेत मात्र हिंदू, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती अशा सगळ्यांची मुले असतात. वर्धा जिल्ह्यात बौद्ध समाजही मोठा आहे. सरकारच्या पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही, असे संविधानाच्या कलम २८ मध्ये लिहिले आहे.

म्हणून शाळेतला कार्यक्रम कृतज्ञतेचा ठेवावा. नारळ-आरतीच्या जागी प्रत्येक मुलाने आपल्या घरासाठी राबणाऱ्या कोणाचे तरी नाव घ्यावे. कोणी बैलाचे घेईल, कोणी ट्रॅक्टर चालवणाऱ्या काकांचे, कोणी दुसऱ्याच्या शेतात निंदणाला जाणाऱ्या आईचे. मुलीही मुलांबरोबरच बैल ओढतील हे आधीच जाहीर करावे, कारण काही घरांत अजून तो मान मुलांकडेच असतो.

स्पर्धाही याच धोरणाने घ्यावी. ‘सर्वांत मोठा नंदी’ हे बक्षीस बंद करावे. त्याऐवजी ‘आपल्या बैलाचे नाव काय आणि तो काय काम करतो’ हे एक मिनिटात सांगायचे आणि सांगणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकसारखे प्रमाणपत्र द्यायचे. जे मूल बोलत नाही, त्याने खुणेने किंवा चित्राने सांगावे.

बोजारा: पुडीत काय असावे

शाळेच्या कार्यक्रमात रोख पैसे नकोत. कोणी दहा देतो, कोणी शंभर, आणि मुले लगेच मोजतात. एकाच आकाराच्या कागदी पुड्या शाळेनेच कराव्यात आणि देणाऱ्यांची नावे माइकवर वाचू नयेत.

पुडीत काय घालायचे, हा प्रश्न वयाचा आहे. मुलांबरोबर अंगणवाडीतली धाकटी भावंडे हमखास येतात. पाच वर्षांखालच्या मुलाला फुटाणे, अख्खे शेंगदाणे, गोळ्या आणि जेलीचे कप देऊ नयेत. फुटाण्याचा दाणा पळताना-हसताना श्वासनलिकेत गेला तर श्वास थांबतो. मोठ्यांसाठी राजगिऱ्याची वडी आणि केळे चालते. शेंगदाणा, तीळ, दूध यांची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी खाऊऐवजी पेन्सिल, खोडरबर, भेंडी-काकडीच्या बिया अशी पुडी असावी.

याचा एक चांगला नमुना अमेरिकेतून घेता येतो. अन्नाच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेने २०१४ साली देशभर आवाहन केले की ज्या घरी खाऊशिवाय दुसरी भेटवस्तू मिळते, त्यांनी दारात हिरवट निळा रंगवलेला भोपळा ठेवावा. ॲलर्जी असलेले मूल लांबूनच ओळखते की या दारी मलाही काही मिळेल. आपण एक पाऊल पुढे जाऊ शकतो. सगळ्याच पुड्यांत पेन्सिल आणि बिया ठेवाव्यात आणि खाऊ वर्गात बसून, शिक्षकांसमोर द्यावा. मग वेगळी पुडी कोणाचीच दिसत नाही.

मिरवणूक: रस्ता आणि आभाळ

हॅलोविनचा खरा धोका भुतांचा नसतो, मोटारींचा असतो. अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अपघातांची नोंद तपासली, तेव्हा त्या संध्याकाळी पादचाऱ्यांचा मृत्यू होण्याचा धोका आसपासच्या इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त आढळला. धडा साधा आहे. नटलेली, उत्साहात असलेली मुले आणि वाहते रस्ते एकत्र आणू नयेत.

शाळेची मिरवणूक गावातल्या आतल्या गल्ल्यांतून, उजेडी, एका तासात परत येईल एवढीच असावी. ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणे यांना आधी कळवावे. दहा मुलांमागे एक मोठे माणूस, रांगेच्या पुढे एक शिक्षक, मागे एक. निघताना, मध्ये आणि परत आल्यावर मुले मोजावीत. व्हीलचेअरवरच्या किंवा सावकाश चालणाऱ्या मुलाला रांगेच्या सुरुवातीला ठेवावे, म्हणजे त्याच्या चालीने सगळी मिरवणूक चालते. डीजे नको, लेझीम पुरे. ज्याला गर्दी-गोंगाट सोसत नाही, त्याच्यासाठी एका वर्गात शांत बैठक आणि एक ओळखीचे माणूस असावे. खरे बैल शाळेच्या आवारात आणू नयेत. ढोलाने बुजलेला बैल मालकालाही आवरत नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरात विजेचा धोका खरा असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडण्याची शक्यता सांगते, ते शिक्षकांच्या फोनमध्ये असावे. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली न थांबता सगळ्यांना वर्गात आणावे. मैदानावरचे गवत आदल्या दिवशी कापून घ्यावे, कारण पावसाळ्यात त्यात साप असू शकतो. आणि नदी, नाला, तलाव यांच्याकडे जाणारा रस्ता अजिबात निवडू नये. पोळ्याला बैल धुताना बुडण्याच्या घटना दरवर्षी वाचायला मिळतात. मुलांना हे त्याच आठवड्यात स्पष्ट सांगावे.

वेळ आलीच तर

एका मोठ्या माणसाकडे प्रथमोपचाराची पेटी आणि चालू फोन असावा. रुग्णवाहिकेसाठी १०८, अडचणीतल्या मुलासाठी १०९८. घशात काही अडकून मुलाला खोकताही येत नसेल, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरकस थापा माराव्यात. न निघाल्यास मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ धरून पाच वेळा आत-वर दाबावे, आणि निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे. भाजले तर वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नये. कपड्याने पेट घेतला तर पळायचे नाही. थांबायचे, झोपायचे, लोळायचे. हे तीन शब्द मुलांकडून आधीच्या आठवड्यात करून घ्यावेत. त्यांना तो खेळच वाटतो.

शेवटी

करीच्या दिवशी नागपुरात मारबती निघतात, आणि गावोगावी पोळ्याला दाराशी रोवलेले पळसाचे मेढे काढून लोक रोगराईला, संकटांना गावाबाहेर जायला सांगतात. शाळेने आपल्यापुरत्या दोन गोष्टी बाहेर काढल्या तरी पुष्कळ झाले: मोठ्या नंदीचा मोठेपणा आणि ‘लेकरंच ती, पडतात-झडतात’ ही बेफिकिरी. यासाठी लागणारी माती गावातच आहे, गेरू स्वस्त आहे आणि समितीची बैठक तशीही घ्यायचीच असते. यंदा नाचणगावातल्या आणि आसपासच्या शिक्षकांनी, पालकांनी एकच करावे. बैठकीच्या कागदावर पहिले वाक्य लिहावे: आपल्या शाळेतले प्रत्येक मूल स्वतः घडवलेला बैल घेऊन घरी जाईल.